वगळलेली चार मिनिटं

प्रिय ताई,

तुझा पत्ता मावशीकडून मिळाला. मागितला तेव्हा तिनं आधी विचारलं, "कशाला हवाय? भांडायला?" मी नाही म्हटलं. मग म्हणाली, "समजूत काढायला?" मी त्यालाही नाही म्हटलं, तेव्हा तिला पुढे काय विचारावं ते सुचेना आणि तिनं पत्ता सांगितला. फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच काहीतरी विचारशील आणि मी तिथेच थांबेन. दोनदा तसं झालंय. दोन्ही वेळा आपण हवापाण्यावर बोललो आणि ठेवून दिला.

एक गोष्ट आधीच लिहून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचलं नाहीस तरी ती तुझ्यापर्यंत पोचलेली असेल. बाबा तलावात बुडाले कारण तू पाठ फिरवलीस, असं तलावाच्या चौकशीत लिहिलंय. आई तसंच मानते, म्हणून तिनं आठ महिने तुझ्याशी बोलणं टाकलंय. मावशी सांगते की तूही तसंच मानतेस, पोहायला शिकवणं कायमचं सोडलंस आणि आता कुठल्याशा गोदामात दिवसभर पार्सलं लावतेस. मी तसं मानत नाही. त्या दिवशीही मानत नव्हते. त्या दिवशी मला जे कळलं होतं ते मी तुला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही, आणि हे पत्र त्याबद्दल आहे.

मी हे लॅबमध्ये बसून लिहितेय. रविवारची सकाळ आहे, कॉरिडॉरमध्ये फरशी पुसून ओली ठेवलीय, त्यामुळे कुणी येणार नाही. आमच्या या खोलीत तू एकदाच आली होतीस, बाबांना व्हीलचेअरवरून सोडायला, आणि म्हणाली होतीस, "हे काय गं, न्हाव्याचं दुकान वाटतंय." खुर्ची, आरसा नसलेली भिंत, वायरींचा झुबका. माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण तू ऐकता ऐकता जांभई द्यायचीस. आता सांगावं लागेल, थोडक्यात.

स्ट्रोक येऊन गेल्यावर मेंदूचा जो भाग मरतो, त्याच्या कडेनं एक पट्टा राहतो, धड मेला नाही, धड जिवंत नाही. काही जणांच्या बाबतीत त्या पट्ट्यातून महिन्या-दोन महिन्यांनी फिट सुरू होतात. सगळ्यांना नाही. शंभरातल्या दहाएक जणांना. कुणाला येतील हे आधी कळलं, तर त्यांना गोळ्या देता येतात, गाडी चालवू नका, उंचावर चढू नका, पाण्यात उतरू नका असं सांगता येतं. आणि ज्यांना येणार नाहीत त्यांच्यावर ही बंधनं विनाकारण लादली जात नाहीत. आमचा अभ्यास एवढाच आहे. पहिल्या दहा दिवसांत डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी नोंदवायच्या, त्यातल्या ठरावीक खुणा मोजायच्या, आणि त्यावरून वर्षभराचा धोका टक्क्यांत काढायचा. खुणा मोजणारा प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिला. पण त्याला काय मोजायला द्यायचं आणि काय वगळायचं, त्याचे नियम मी लिहिले. एकूण सतरा नियम आहेत. आमचे मोठे डॉक्टर पाहुण्यांना ते दाखवताना म्हणायचे, "हिचे नियम म्हणजे दगडावरची रेघ." मला ते ऐकायला आवडायचं, हेही लिहून ठेवते.

अकरावा नियम असा आहे. एखादी टोकदार लहर फक्त एकाच इलेक्ट्रोडवर दिसली, शेजारच्या कुठल्याही इलेक्ट्रोडवर तिचा मागमूस नसला, तर ती बहुधा मेंदूतली नसते. त्या इलेक्ट्रोडची छोटी वाटी ढिली झालेली असते, पेस्ट सुकलेली असते. तेवढा भाग माउसनं निवडायचा, तो पडद्यावर करडा होतो, आणि प्रोग्राम तो मोजत नाही. पण करडा करण्याआधी एक काम करायचं असतं. ती वाटी काढून त्या जागी दुसरी लावायची. लहर गेली, तर दोष वायरीचा होता. लहर तिथेच राहिली, तर ती त्या माणसाची आहे. याला दीड मिनिट लागतं. नियमात मी लिहिलं होतं, "शक्य असल्यास वाटी बदलून खात्री करावी." शक्य असल्यास हे दोन शब्द माझे आहेत. काही रुग्ण फार थकलेले असतात, म्हणून घातले होते.

बाबांचा आलेख मी स्वतः काढला. घरच्या माणसाचा आलेख आपण काढायचा नाही हा साधा संकेत आहे, पण बाबा दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. सातवा दिवस होता. उजवा हात मांडीवर ठेवला की घसरून खाली पडायचा आणि ते तो डाव्या हातानं उचलून परत ठेवायचे, एखादं हत्यार जागेवर ठेवावं तसा. शब्द तर सगळे एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. वर येताना लिफ्ट थांबली तेव्हा त्यांनी मान वाकडी करून उंबऱ्याकडे बघितलं आणि तिरस्कारानं म्हणाले, "दोन बोटं खाली. चप्पल घासलीय." चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, त्याला ब्रेक म्हणायचं होतं. वॉर्डबॉयला वाटलं बाबांना चप्पल हवीय, तो बिचारा खाली वाकून शोधायला लागला. मी हसले नाही. आता वाटतं, हसायला हवं होतं, त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं.

मी टेपनं त्यांचं डोकं मोजलं, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, लाल पेन्सिलीनं खुणा केल्या, आणि एकवीस ठिकाणी खरखरीत मलम घासून वाट्या बसवल्या. डावीकडे सलाइनच्या दिवसांत त्यांची कातडी हुळहुळी झाली होती, तिथे घासलं की ते दातांवर दात दाबायचे. सुरुवातीला त्यांनी शब्द जुळवून जुळवून एक विनोदही केला. डोक्यात काय चाललंय ते यात दिसतं का, असं खुणेनं विचारलं. मी म्हटलं, थोडंफार. तर म्हणाले, "मग तिला नको." तिला म्हणजे आईला दाखवू नकोस. हे सांगताना त्यांचा अर्धाच चेहरा हसला.

अकराव्या मिनिटाला डाव्या कानशिलाजवळच्या वाटीवर टोकदार लहरी सुरू झाल्या. एक, मग दोन, मग दर काही सेकंदांनी. शेजारी काही नाही, निदान मला तेव्हा काही दिसलं नाही. मी उठले, बोटानं वाटी दाबली. लहरी राहिल्या. मी नवी वाटी हातात घेतली, ताई. ती हातात होती. जुनी काढायला वाकले तेव्हा बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवून कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "मीटर, पुरे गं."

तुला माहीत आहे, ते मला लहानपणापासून मीटर म्हणायचे. ही हसतेय की रडतेय ते चेहऱ्यावरून कळत नाही, काटा बघावा लागतो, असं सगळ्यांना सांगायचे. तू बदक आणि मी मीटर. पण स्ट्रोकनंतरचे सात दिवस ते मला तुझ्या नावानं हाक मारत होते, आईच्या नावानं, मावशीच्या नावानं, एकदा तर "ए पाना" म्हणून. मी कोण आहे ते त्यांना कळत होतं, पण शब्द सापडत नव्हता. आणि त्या मिनिटाला तो सापडला. बरोबर, स्वच्छ, न अडखळता सापडला. मी नवी वाटी ट्रेमध्ये ठेवून दिली. खुर्चीवर येऊन बसले. मला इतका आनंद झाला होता की मी पडद्याकडे बघत होते पण तो वाचत नव्हते. नंतर त्या लहरी थांबल्या. एकूण चार मिनिटं चालल्या होत्या. संध्याकाळी मी ती चार मिनिटं निवडली, करडी केली, कारणाच्या रकान्यात "वाटी ढिली" असं लिहिलं. करडा भाग डॉक्टर सहसा उघडून बघत नाहीत. मी करडा केलाय म्हणजे तो करडाच असणार, असा माझा लौकिक. प्रोग्रामनं उरलेला आलेख मोजला आणि आकडा दिला, चार टक्के.

मोठ्या डॉक्टरांनी त्या आकड्यावरून गोळ्या सुरू केल्या नाहीत. आईनं तो आकडा इतक्या जणांना सांगितला की शेजारचे लोक "चार टक्केवाले कसे आहेत?" असं विचारायला लागले. आणि पाच आठवड्यांनी तुझा मेसेज आला. शब्द न् शब्द लिहिते, कारण तो माझ्या फोनवर अजून आहे. "हातासाठी पाण्यातला व्यायाम चांगला म्हणतात. माझ्याकडे आणू का त्यांना तलावावर? डॉक्टरांचं नंतर विचारते, आधी तू सांग." मी कामात होते. मी उत्तर दिलं, "चार टक्के. आण." तीन शब्द. तू वर एक बदकाचं चित्र पाठवलंस.

पुढचे दीड महिने आपल्या घरात जो आनंद होता तो तू आणलेला होता, हे मला मान्य आहे, आणि तेव्हाही मान्य होतं, फक्त मी बोलले नाही. दुपारी तीनला, शेवटच्या रांगेत, भिंतीच्या दांडीला धरून. शेजारी तुझा लहान मुलांचा वर्ग. बाबा त्या मुलांना प्रवासी म्हणायचे आणि पाण्यात गर्दी झाली की दम द्यायचे, "प्रवासी जास्त झाले, दोघं बाहेर." मुलं खरंच बाहेर निघायची. तू मला सांगायचीस, आज त्यांनी दांडी उजव्या हातानं धरली, आज दोन बोटं सरळ केली. घरी येऊन ते ती दोन बोटं आईला दाखवायचे. आई म्हणायची, "हो, हो, बघितली. आता त्या दोन बोटांनी टॉवेल वाळत घाला." मी एका रविवारी तुमच्यासोबत आले होते आणि काठावर बसून होते. तुझा सगळा वेळ त्यांच्यावर डोळा होता. मुलांना शिकवत असतानाही तू तिरक्या नजरेनं त्यांचं डोकं मोजत होतीस, दर चार-पाच सेकंदांनी. मी ते मोजलं होतं. चौकशीत मला कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगायला गेले नाही.

त्या दुपारी एका मुलीच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि तू वळलीस. चौकशी म्हणते पस्तीस सेकंद. ती पस्तीस सेकंदं खरी आहेत, ताई, मी ती पुसू शकत नाही, आणि तू वळली नसतीस तर ते वाचले असते का, याचं उत्तर मला माहीत नाही. असतेही कदाचित. तुला बरं वाटावं म्हणून मी इथे खोटं लिहिणार नाही.

हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये, बाबांना आत नेलं होतं आणि अजून बाहेर येऊन कुणी काही सांगितलं नव्हतं तेव्हा, तू ओल्या कपड्यांत माझ्याजवळ आलीस. तुझे दात वाजत होते. तू मला तीन गोष्टी सांगितल्यास. वळण्याच्या आधी तुला बाबांमध्ये दिसलेल्या दोन, आणि परत बघितलंस त्या क्षणी दिसलेली एक. एकामागून एक, त्याच क्रमानं. आणि मग विचारलंस, "हे काय होतं गं? तुला कळतं ना यातलं?" मला कळत होतं. पहिली गोष्ट सांगितलीस तेव्हाच कळलं, दुसरीला खात्री झाली. कानशिलाजवळून सुरू होणारी फिट कशी दिसते याचं वर्णन आमच्या पुस्तकात आहे, आणि तू ते कधीही न वाचता मला जवळजवळ त्याच शब्दांत म्हणून दाखवत होतीस. मला ट्रेमध्ये ठेवलेली ती वाटी दिसली. मी तुझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "पाण्यात सगळं वेगळंच दिसतं, ताई."

तू मान हलवलीस. लहानपणापासून यंत्रांतलं, आकड्यांतलं मी सांगितलेलं तू खरं मानत आलीस. चौकशीत तू त्या तीन गोष्टी सांगितल्याच नाहीस, कारण त्या खऱ्या नाहीत असं मी तुला भासवलं होतं. आणि अजून एक गोष्ट तू सांगितली नाहीस. मी रोज वाट बघत होते की आज तू माझा मेसेज दाखवशील. "चार टक्के. आण." एवढं त्यांच्यासमोर ठेवलं असतंस तर निम्मा भार माझ्यावर आला असता. तलावाच्या व्यवस्थापकानं तुला सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाला विचारून आणलं होतं त्यांना?" आणि तू म्हणालीस, "कुणाला नाही. माझे वडील आहेत." मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

त्यानंतर मी जे केलं ते या पत्रातलं सगळ्यात वाईट आहे. अभ्यासाच्या तक्त्यात प्रत्येक रुग्णाची एक ओळ असते. बाबांच्या, म्हणजे दोनशे सात क्रमांकाच्या ओळीत अंदाज आधीच भरलेला होता, "कमी धोका." वर्षभरात फिट आली का, या रकान्यात मी "नाही" लिहिलं. अभ्यासातून बाहेर पडण्याचं कारण विचारणारा रकाना होता, तिथे मी लिहिलं, "अपघाती मृत्यू, देखरेखीत हलगर्जी." हलगर्जी हा शब्द मी तलावाच्या अहवालातून जसाच्या तसा उचलला. म्हणजे बघ, जोवर तू दोषी होतीस तोवर माझा आकडा बरोबर होता. तू निर्दोष ठरलीस तर मी चुकले. मी हे इतक्या स्पष्टपणे तेव्हा मनाशी म्हटलं नव्हतं. पण रकाना भरताना माझा हात अडखळला नाही, हे मला आठवतं.

आठ महिने मी कामावर वेळेवर येत होते. आई सकाळी उठून बाबांची हत्यारं पुसून परत त्याच पेटीत ठेवायची. तुझं नाव निघालं की उठून जायची. मी ते बघत होते. मी तुला पैसे पाठवू का असं मावशीकडून विचारलं होतं, तू नको म्हणालीस. मला बरं वाटलं. म्हणजे नको म्हणालीस याचं नाही, विचारून झालं याचं.

मागच्या मंगळवारी एक शिवणकाम करणारी बाई आली. अडतीस वर्षांची, स्ट्रोकला नऊ दिवस झालेले, सोबत तिची सासू आणि सहा महिन्यांचं बाळ. आलेख आमच्या नव्या तंत्रज्ञ मुलीनं काढला. ती माझे नियम पाठ करून आली आहे. मी सहज मागे उभी राहिले तर तिनं साडेतीन मिनिटं करडी करून टाकली होती आणि अभिमानानं म्हणाली, "नियम अकरा, मॅडम." मी विचारलं, वाटी बदलून बघितलीस? ती म्हणाली, "बाळ रडत होतं ना, मग शक्य नव्हतं." त्या बाईनं वायरींतूनच माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, घरी गेल्यावर बाळाला अंघोळ घालता येईल ना मला? सासूबाईंच्या हातून साबण निसटतो." सासू म्हणाली, "एकदाच निसटला होता, तो जन्मभर ऐकतेय." सगळे हसले. मी पुढे होऊन त्या बाईच्या डाव्या कानशिलावरची वाटी काढली आणि नवी लावली. दीड मिनिटसुद्धा लागलं नाही. लहर तिथेच राहिली. करडा भाग मोकळा करून पुन्हा मोजलं तेव्हा सहाचे चौतीस टक्के झाले. तिला गोळ्या सुरू केल्या. अंघोळ सासू घालेल, साबण निसटो वा न निसटो.

ती गेल्यावर मी दोनशे सात उघडलं. आठ महिन्यांत मी एकदाही उघडलं नव्हतं. दोनदा क्लिक करायचं होतं, बस. चार मिनिटांचा करडा रंग गेला. मोठं करून बघितलं तर शेजारच्या वाटीवरही तीच लहर होती, बारीक, पण होती. बघायची इच्छा असलेल्याला दिसली असती. प्रोग्रामनं पुन्हा मोजलं. एकोणतीस टक्के. एकोणतीस म्हणजे शंभरातल्या एकाहत्तर जणांना वर्षभर काहीच होत नाही, तेव्हा यानं काही सिद्ध होत नाही. पण एकोणतीस टक्के असलेल्या माणसाला आम्ही पाण्यात उतरू देत नाही. दांडी धरूनही नाही. मी तुला उत्तर लिहिलं असतं, "एकोणतीस. आणू नकोस." तेवढेच तीन शब्द.

आईला मी परवा सांगितलं. ती खिडकीची काच पुसत होती. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, काही राखलं नाही. ती तीच एक काच पुसत राहिली. मग विचारलं, "किती मिनिटं म्हणालीस?" मी म्हटलं, चार. "आणि तिची?" मी म्हटलं, पस्तीस सेकंद. तिनं फडकं पिळलं, वाळत टाकलं, हात कोरडे केले. मला वाटलं ती मारेल, आणि मला ते चाललं असतं. ती म्हणाली, "मग आता मी बोलू कुणाशी?" तेव्हापासून ती माझ्याशीही बोलत नाही. ताट झाकून ठेवते. मी जेवते, ताट धुऊन ठेवते. तुला फोन करेल असं मला वाटलं होतं. अजून केलेला नाही. करेल की नाही सांगता येत नाही. राग गेला म्हणजे माया त्याच जागी परत येते असं काही नसतं, हे मी तिच्याकडे बघून शिकतेय.

तलावाच्या कार्यालयाला मी सगळं लिहून कळवलंय, तुझा मेसेज आणि माझं उत्तर, दोन्हींच्या प्रती जोडून. त्यांनी पोच दिली आहे, बाकी काही नाही. त्यानं तुझं काम तुला परत मिळेल अशी आशा मी लावणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुझं दुःख बघवेना म्हणून लिहिलं, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते खरं नाही. आठ महिने मला ते चांगलं बघवत होतं. मोठ्या डॉक्टरांना मी बुधवारी सगळं सांगितलं. त्यांनी जे सांगितलं ते नियमाला धरून होतं. मागाहून बदललेल्या आकड्याला किंमत नाही, रुग्णाला फिट आलेली कुणी पाहिली असेल तरच दोनशे सातची ओळ बदलता येईल, आणि ती बदलली तरच अकरावा नियम थांबवता येईल. नाहीतर पुढच्या एक तारखेपासून तीन हॉस्पिटलं हेच सतरा नियम वापरणार आहेत. आमच्याकडच्या तीनशे बारा आलेखांपैकी एकेचाळीस आलेखांत अकराव्या नियमाखाली करडी केलेली मिनिटं आहेत. त्यातले बाबा सोडले तर उरलेली चाळीस माणसं या घडीला कुठेतरी गाडी चालवतायत, शिडीवर चढतायत, बाळाला टबात धरून बसलीयत. बाबांना शेवटचं बघणारी तू एकटी आहेस. सोबत एक कोरा कागद जोडलाय, वर फक्त क्रमांक आणि तारीख आहे, खाली तुझ्या सहीची जागा. कॉरिडॉरमध्ये मला सांगितलेल्या तीन गोष्टी मी या पत्रात कुठेही लिहिलेल्या नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मला त्या तोंडपाठ आहेत. पण मी लिहिल्या असत्या तर तुझ्या लिहिण्यात माझे शब्द आले असते, आणि एकदा मी तुझ्या डोळ्यांवर माझे शब्द ठेवले त्याचं काय झालं ते आपण दोघींनी बघितलंय. जसं दिसलं तसं लिही. आठवत नसेल तिथे आठवत नाही असं लिही. तो क्षण तुला पुन्हा बघायला सांगतेय हे मला कळतंय, आणि तरी सांगतेय. शुक्रवारपर्यंत पोचायला हवं. मला उत्तर लिहू नकोस, ताई. त्या कागदावर लिही.

तुझीच,
धाकटी